बिनस्पीकरचा आवाज

दर शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गेलेली माणसं बोलायची. त्यांना ऐकायला राहिलेली माणसं तीनपासूनच जिन्यात उभी असायची. जिना अरुंद. म्हातारे कठड्याला धरून, बायका पिशव्या पोटाशी धरून, आणि प्रत्येकाच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी. वर दाराशी चिठ्ठीवाला बसलेला असे. अंगानं दांडगा, आणि आवाज रांजणातून यावा तसा.

"सावकाश या, उंबरा आहे. चिठ्ठीवर नाव, नातं आणि एकच प्रश्न. दोन विचाराल तर एकाचंही उत्तर मिळणार नाही. आजी, पेन परत द्या."

आत साठ-सत्तर खुर्च्या आणि समोर एक टेबल. टेबलावर करड्या रंगाचा एक जुना अँप्लिफायर. आजकाल असतात तसा नाही, काचेच्या व्हॉल्व्हचा. वरच्या पत्र्यावर चार व्हॉल्व्ह उभे, त्यांच्यामागे विटेएवढा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, आणि पाठीमागे स्पीकरच्या तारा जोडायचे चार स्क्रू. त्या चारही स्क्रूंना काही जोडलेलं नसे. सगळी गंमत त्यातच होती.

टेबलाशी उभा राहणारा माणूस कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा. बाबा म्हटलेलं त्याला खपत नसे.

"मी बाबा नाही, बुवा नाही. मी फक्त मध्यस्थ," तो म्हणायचा. म्हणून सगळे त्याला मध्यस्थसाहेब म्हणत. भाड्यानं खोल्या मिळवून देणाऱ्यालाही आपण मध्यस्थच म्हणतो, हे माझ्या मनात यायचं. पण मनात आलेलं बोलून दाखवणं मला कधी जमलेलं नाही.

"बघा!" तो अँप्लिफायर गोल फिरवून दाखवायचा. "कुठं आहे स्पीकर? टेबलाखाली बघा. खुर्चीखाली बघा. माझ्या खिशात बघा!" लोक हसायचे. "ज्याला तोंडच नाही, ते बोलतं. विज्ञान जिथं दमून खाली बसतं ना, तिथून पुढं आपण चालायला लागतो. माझे एक प्राध्यापक मित्र आहेत, ते हे बघून तीन दिवस जेवले नाहीत. नाव सांगत नाही, त्यांची नोकरी जाईल. आणि हे बघा, स्क्रूंशेजारी लाल ठिपके. एकापाशी एक, दुसऱ्यापाशी दोन, तिसऱ्यापाशी तीन. तीन लोक! आणि चौथ्यापाशी काहीच नाही. ते शून्य. सगळं तिथूनच येतं."

मग तो खिडक्या लावायला सांगायचा. बटण दाबलं की व्हॉल्व्ह हळूहळू लालसर व्हायचे. 'घूंऽऽ' असा बारीक आवाज सुरू व्हायचा. "हा त्यांच्या येण्याचा नाद," मध्यस्थ कुजबुजायचा, आणि टेबलावरची छोटी घंटी एकदा वाजवायचा.

आणि खरोखरच त्या बंद पेटीतून कुणीतरी बोलायला लागे. पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या माशीला शब्द फुटावेत तसा आवाज. शब्द कळायचे, माणूस कळायचा नाही. बाई की पुरुष, म्हातारं की तरुण, काही सांगता यायचं नाही. त्यामुळे ज्याला जो हवा, तो त्याला त्यात सापडायचा. पुढच्या रांगेतली माणसं टेबलावर कान टेकायची आणि रडायची.

मी तिथं तीनदा गेलो होतो. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका दिसतात, पण त्या शांतपणे समासात लिहायच्या, एवढीच सवय. पहिल्यांदा वहिनींना सोबत म्हणून गेलो. दुसऱ्यांदा बघायला गेलो की फसवणूक आहे का. तिसऱ्यांदा बायकोच्या नावाची चिठ्ठी घेऊन गेलो. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पेटी म्हणाली, "मी शांत आहे. सुखी आहे. तुमच्यावर माझा राग नाही." मी रुमाल तोंडाशी धरून घरी आलो. संध्याकाळी कधीतरी लक्षात आलं, की पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल एकही तक्रार न करता तिनं सलग तीन वाक्यं कधी उच्चारली नव्हती. ती सुखी असती तरी आधी, "चष्मा कुठं ठेवलात?" असंच विचारलं असतं. तरी पुढच्या शनिवारी पुन्हा जावंसं वाटलं. हे कबूल करायला हवं, कारण फसणारी माणसं वेगळी असतात असं आपल्याला उगीच वाटतं.

तो अँप्लिफायर माझ्या दादाचा होता. थोरला भाऊ. गावातल्या सिनेमाघरात तो आवाजाचं काम पाहायचा. सिनेमाघर बंद पडल्यावर सभा-संमेलनांना स्पीकर लावून द्यायला लागला, आणि वहिनी त्याच्यासोबत जायच्या. तारा गुंडाळणं, जोडणी करणं, सगळं त्यांना यायचं. दादा गेला त्याला दीड वर्ष झालं. वहिनी माझ्याच इमारतीत, माझ्या घराच्या वर दोन मजले. मध्यस्थ गावात 'शांततेवर' व्याख्यानं द्यायला आला, तेव्हा त्यानं अँप्लिफायर वहिनींकडून मागून नेला होता. तो परत आलाच नाही. त्यातून दादाच बोलतो म्हटल्यावर परत मागायचा तरी कुणी?

हे सगळं असंच चाललं असतं, आणि मीही असाच गप्प राहिलो असतो. पण त्या महिन्यात मी वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

वहिनींना काचबिंदू होता. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, एवढाच उपाय, आणि तो जन्मभर. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खुर्ची मागे सारली.

"आजी, थेंब कधीपासून बंद केलेत?"

वहिनींनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"मी तुम्हाला रागावणार नाही. पण खरं सांगा."

"दोन महिने झाले," वहिनी म्हणाल्या. "यांनी सांगितलं, नको घालूस."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात हलवले. "मी नाही. माझा भाऊ. म्हणजे तो वारलाय."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं आणि कडेनं रेघा मारत आत आल्या. "एवढं गेलं. हे परत येत नाही, कुठल्याच ऑपरेशननं येत नाही. उरलंय ते आजपासून थेंब घातले तर टिकेल. नाही घातले, तर वर्षभरात हात धरून चालावं लागेल. काका, घरात दुसरं कोण असतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

रस्त्यानं परत येताना वहिनी पायरीला अडखळल्या. मी हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही. 

"थेंब घालाल ना?" मी विचारलं.

"शनिवारी यांना विचारते," त्या म्हणाल्या.

रात्रभर मला झोप नाही. माझं चुकत असेल तर? आणि बरोबर असेल तर? वहिनींजवळ त्या आवाजाखेरीज होतं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारामागच्या गल्लीत दुरुस्तीवालीच्या दुकानात गेलो. ही बाई तरुणपणी दादाच्या हाताखाली शिकलेली. आता चाळिशी उलटली होती. दुकान म्हणजे एक बाक, एक दिवा आणि छतापर्यंत उघडी पडलेली यंत्रं.

"काका! तुम्ही आणि माझ्या दुकानात? तुमच्या घरात तर घड्याळाशिवाय काही वाजत नाही."

मी चाचरत सगळं सांगितलं. तिनं हातातली पक्कड खाली ठेवली.

"उस्तादांचा अँप्लिफायर? आणि मागं काही जोडलेलं नाही? मेल्यांना काही लाज!"

"म्हणजे आवाज त्यातूनच येतो? खोटं नाही ते?"

"आवाज खरा आहे. बोलणारा खोटा असेल. या इकडं."

बाकावर तसाच एक व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता, त्याला रेडिओ आणि एक स्पीकर जोडलेला. रेडिओवर हवामानाच्या बातम्या चालू होत्या. तिनं मागचे स्क्रू मला दाखवले. एकाखाली चार लिहिलेलं, एकाखाली आठ, एकाखाली सोळा, आणि एक नुसताच.

"हे ओहम. व्हॉल्व्हचा जोर जसाच्या तसा स्पीकरला सोसत नाही. मध्ये हा ट्रान्सफॉर्मर बसवतात, तो जोर स्पीकरला पेलेल असा करून देतो. पण स्पीकर सारखे नसतात ना. कुणी चार ओहमचा, कुणी आठचा, कुणी सोळाचा. म्हणून ही तीन टोकं. ज्याचा स्पीकर त्याच्या टोकाला. एक तार नुसत्या स्क्रूला, दुसरी आकड्याला. चारचा स्पीकर सोळाला लावला तर व्हॉल्व्ह ओझ्याखाली तापतात, आवाज फाटतो. सोळाचा चारला लावला तर आवाज अर्धपोटी राहतो. जोडी जमली की छान."

"आणि कशालाच नाही लावला तर?"

"तेच दाखवते. कान जवळ आणा."

तिनं यंत्र बंद केलं, स्पीकरची तार काढली, पुन्हा चालू केलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही थांबलो. मग ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातून, त्या माशीच्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "...उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील..."

माझ्या अंगावर काटा आला. दुरुस्तीवालीनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "हवामान खात्यातलं कोण वारलं हो, काका?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळे खोकल्यासारखं निघालं.

"जोर बाहेर जायला वाट नाही," ती यंत्र झटकन बंद करत म्हणाली, "मग तो आतच अडकतो. आतले पत्रे, तारा थरथरतात, तेच तुम्हाला ऐकू येतं. पत्रे जरा ढिले असले की जास्तच. पण हे अर्धं मिनिट करायचं, जास्त नाही. आत ठिणगी उडाली की ट्रान्सफॉर्मर कायमचा गेला. आता सांगा, त्या पेटीला विजेची वायर केवढी आहे?"

मी आठवलं. "अंगठ्याएवढी. वर काळं कापड गुंडाळलंय. भिंतीतल्या भोकातून मागच्या खोलीत जाते."

"विजेची वायर करंगळीएवढी असते. उरलेली माईकची. दोन्ही एकत्र गुंडाळल्या की घूं घूं होणारच. मागच्या खोलीत कोण असतं?"

"जुनी मासिकं," मी म्हणालो. "आणि चार वाजता चिठ्ठीवाला तिथं चिठ्ठ्या लावायला जातो."

"लावायला!" ती म्हणाली.

तिनं सोबत येते म्हटलं. मी म्हणालो, आधी वहिनींना मला एकट्यालाच सांगू दे.

वहिनी खिडकीशी बसून धुतलेले कपडे चाचपून घड्या घालत होत्या. मी सगळं सांगितलं, हवामानाच्या बातम्यांसकट. माझ्या दृष्टीनं मी फारच मुद्देसूद बोललो होतो. त्यांनी एक टॉवेल तीनदा उलगडला आणि तीनदा त्याची घडी घातली.

"हे सांगायला एवढे जिने चढून आलात, भाऊजी?"

"दोनच मजले आहेत, वहिनी."

"तेच म्हणते मी. दोनच मजले. दीड वर्षात किती वेळा आलात?"

महिन्यातून एकदा, तेही दारातूनच, 'काही हवं का' विचारायला. त्या 'नको' म्हणायच्या आणि मला सुटल्यासारखं व्हायचं.

"ते दर शनिवारी येतात," वहिनी म्हणाल्या. "कोण म्हणून येईना का. माझं नाव घेतात. या घरात माझं नाव घ्यायला कुणी आहे का? तुमचं काय जातं मी चार शब्द ऐकले तर?"

"तुमचे डोळे जातात," मी म्हणालो.

"जाऊ देत. बघायचं काय राहिलंय?"

मी उठलो. दारापर्यंत गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "दुरुस्तीवालीला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, असाच रिकामा चालवत राहिले तर एक दिवस ट्रान्सफॉर्मर जळेल."

वहिनींचे हात थांबले.

"रिकामा चालवू नये. हे नेहमी सांगायचे," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम कितीही खोळंबू दे, आधी स्पीकर जोडायचे, मग बटण. एकदा एका मंत्र्याला उभं ठेवलं होतं. तो ट्रान्सफॉर्मर यांनी स्वतः गुंडाळलाय, भाऊजी. याच खोलीत. सोळा दिवस मी घरात पंखा लावला नाही, तार हलेल म्हणून."

"हो का?"

"ते ठिपकेही माझ्या नेलपॉलिशचे. अंधारात बोटाला कळावेत म्हणून यांनी चारला एक, आठला दोन, सोळाला तीन असे जाड थेंब सोडले. त्या माणसानं तीन लोक म्हटलं, तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, असेल, यांच्या हातून देवानं करवलं असेल." त्या टॉवेलच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. "पण मग हे बोलायला येतात, आणि स्वतःचाच ट्रान्सफॉर्मर रिकामा चालवतात? दर शनिवारी? तासभर?"

मी दारातून परत आत आलो.

"यांच्याकडून ते व्हायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "मेल्यावरसुद्धा नाही. माळ्यावर सिनेमाघरातला स्पीकर आहे. सोळाचा. काढून ठेवा."

शनिवारी मी आणि दुरुस्तीवाली तो स्पीकर दोन बाजूंनी धरून जिना चढलो. लाकडी पेटी, कंबरेएवढी उंच. जिन्यातल्या माणसांना वाटलं वाचनालयाचं कपाट आहे. चिठ्ठीवाला चारच्या सुमाराला आत गेला होताच, त्यामुळे दारात अडवायला कुणी नव्हतं.

मध्यस्थाचं पेटी गोल फिरवून दाखवणं झालं होतं. 'तीन लोक' झाले होते. अँप्लिफायर चालू व्हायचा होता. वहिनी उभ्या राहिल्या.

आधी असं ठरलं होतं की मी बोलायचं. मी तोंड उघडलंही. पण सत्तर चेहरे माझ्याकडे वळले. "मला जरा," एवढंच मी म्हणालो.

वहिनी खुर्च्यांच्या पाठी चाचपत पुढे निघाल्या होत्या. "आमच्या यांना बोलायला फार त्रास होतोय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आवाज कोंडतोय त्यांचा. मी स्पीकर आणलाय. तो जोडते, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू येईल."

"अहो बाई, नाही, नाही!" मध्यस्थ आडवा आला. "संपर्क तुटेल. ही सूक्ष्म कंपनं आहेत, यांना लाकूड सोसत नाही."

"त्यांनी आयुष्यभर लाकडातूनच आवाज काढला," वहिनी म्हणाल्या. "बाजूला व्हा."

"जोडू द्या की हो!" मागून एक म्हातारा ओरडला. "आम्हाला मागं काही ऐकू येत नाही. सहा महिने नुसते पुढचे लोक रडतात म्हणून आम्ही रडतोय!"

हॉलमध्ये हशा पिकला, आणि मध्यस्थाला बाजूला व्हावं लागलं.

वहिनींनी पेटीच्या मागे हात नेला. त्या डोळे मिटूनच काम करत होत्या. तसे उघडे ठेवूनही फारसं दिसलं नसतं. त्यांचं बोट पहिल्या ठिपक्यावरून गेलं, मग दोनवरून, मग तीनवर थांबलं. तीन ठिपक्यांच्या स्क्रूखाली एक तार, बिनठिपक्याच्या स्क्रूखाली दुसरी. दोन्ही आवळून ओढून पाहिल्या. मग बटण दाबलं.

व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात खुर्चीसुद्धा करकरली नाही. मग 'घूंऽऽ' आला, पण पेटीतून नाही. स्पीकरमधून, पायाखालच्या फरशीला जाणवेल असा.

मध्यस्थानं हात वर केले. "मंडळी, आज वातावरण अनुकूल नाही. आज कोणी येणार नाही. पुढच्या—"

वहिनींनी टेबल चाचपलं, घंटी सापडली, आणि त्यांनी ती वाजवली.

"मी आलोऽऽ आहे," स्पीकर म्हणाला.

तो आवाज सगळा हॉल भरून उरला. जाड, छातीतला, रांजणातला. खिडकीची काच थरथरली. "माझी लाडकी, रडू नकोस. मी इथं प्रकाशात— अरे? हे बाहेर एवढं काय वाजतंय?" पाठोपाठ स्पीकरमधून अशी कर्कश शिट्टी सुटली, की पुढची रांग कान झाकून उठली. मागच्या खोलीतला माईक भिंतीपलीकडचा स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा गिळत होता. दुरुस्तीवालीनं पुढे होऊन आवाजाचं बटण उतरवलं. त्या शांततेत, हळू पण स्वच्छ, स्पीकरमधून आलं, "साहेब? साहेब, मी बोलू का थांबू?"

"हा आपला चिठ्ठीवाला!" एक बाई म्हणाली. "'सावकाश या, उंबरा आहे'वाला!"

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं लोक चिडतील. बहुतेक जण नुसते बसून राहिले, हातातल्या चिठ्ठ्यांकडे बघत. एक गृहस्थ तर आमच्यावरच उखडले, "तुम्ही स्पीकर लावून त्यांना हाकललंत! कुणी सांगितला होता हा उद्योग?" मध्यस्थ म्हणाला, नकारात्मक मनाची माणसं आली की असं होतं. पण त्याचं बोलणं संपेपर्यंत दुरुस्तीवालीनं वायरीवरचं काळं कापड सोलून काढलं होतं. आत दोन वायरी होत्या. एक विजेची, दुसरी मागच्या खोलीत माईकला गेलेली. तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं, वहिनींना विचारून स्पीकर काढला, आवाज बारीक ठेवून पेटी थोडा वेळ पुन्हा रिकामी चालवली आणि म्हणाली, "या, कुणीही माईकवर बोला. तुम्हीही मेल्यासारखे ऐकू याल." तीन-चार जण खरंच बोलून आले. ज्या म्हाताऱ्यानं ओरडून परवानगी मिळवून दिली, तो आपलं स्वतःचं नाव सांगून आला, आणि त्याच्या बायकोनं पेटीला कान लावून सांगितलं, "हे नव्हेतच." तेव्हा लोक हसले. मग दुरुस्तीवालीनं स्पीकर पुन्हा जोडला आणि यंत्र नीट बंद केलं. या गर्दीत मध्यस्थ कधी खाली उतरला, ते कुणी पाहिलं नाही.

चिठ्ठीवाला मात्र राहिला. मान खाली घालून दारात उभा होता. वहिनींनी त्याला हाक मारली.

"हे सुरू कसं केलंत?"

"ठरवून नाही केलं, बाई. व्याख्यानाच्या आधी मी स्पीकर जोडायलाच विसरलो. मला कळतं काय त्यातलं? मागं बसून 'हॅलो हॅलो' करत होतो. पुढं पेटीशी एक बाई बसली होती, ती रडायला लागली. म्हणाली, माझा मुलगा बोलला. साहेब म्हणाले, वायर राहू दे तशीच."

"आणि मला थेंब घालू नकोस, हे कुणी सांगितलं?"

"तुमच्या चिठ्ठीतच होतं ना, बाई. 'फार चुरचुरतात, घालायलाच हवेत का?' मला वाटलं, यांना नको आहेत. म्हणून नको म्हटलं. लोकांना हवं तेच मी सांगायचो. कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही हो."

वहिनींनी मान हलवली. त्या त्याला रागावल्या नाहीत. "आवाज चांगला आहे तुमचा," एवढंच म्हणाल्या.

आम्ही घरी आलो. जिन्यात वहिनी माझ्या मजल्यापाशी थांबल्या. "भाऊजी, आता पुढच्या शनिवारी चारला मी काय करू?"

मी माझ्या दाराला कुलूपच राहू दिलं आणि त्यांच्याबरोबर वर गेलो.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ थेंब मी घालतो, कारण त्यांचा नेम चुकतो. थेंब पडल्यावर दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. त्या दोन मिनिटांत आम्ही काही बोलत नाही. आम्हा दोघांनाही बोलायची सवय उरलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, उरलेली दृष्टी टिकते आहे. त्या दोन महिन्यांत गेली, ती गेलीच.

चमत्कार म्हणजे एवढंच होतं: एक विसरलेली तार, एक लपवलेला माईक आणि लोखंडाची थरथर. हे ओळखायला विद्वत्ता लागत नाही. वायर कुठं जाते, ते विचारावं. बंद दाराआड कोण बसलंय, ते पाहावं. आवाज कुणाचाही असो, औषध बंद कर म्हणाला तर आधी डॉक्टरांना विचारावं. आपल्याला हवं तेच जो पुन्हा पुन्हा सांगतो, त्याच्याबद्दल तर जास्तच चौकशी करावी. धीर नसला तरी चालतं, माझ्याकडे नव्हता.

आणि तुमच्या ओळखीचं कुणी एकटं राहत असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसत जा. विषय नसला तरी बसा. मी दोन मजले चढलो नाही, म्हणून वहिनींच्या समोरची खुर्ची दीड वर्ष रिकामी होती, आणि त्या मध्यस्थाला ती आयती मिळाली.